फाशांवर वसलेली राज्ये

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे एक लहानसे गाव आहे. १९७२ साली या गावातील गॅरी गायगॅक्स नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलाला व मुलीला एका ओसाड किल्ल्याखालच्या भुयारात नेले. किल्ला अर्थातच कागदावर होता. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने आखलेली दालने फक्त वडिलांना दिसत होती. ते वर्णन करीत, मुले 'आम्ही उजवीकडे वळतो', 'दार उघडून पाहतो' असे सांगत आणि संकटाच्या क्षणी फासे टाकले जात. त्या रात्री मुलांना तांब्याच्या नाण्यांनी भरलेली एक पेटी सापडली. पण ती इतकी जड होती, की त्यांना ती उचलून नेता आली नाही. विमा कंपनीतील नोकरी गेल्यानंतर घरीच पादत्राणे दुरुस्त करून संसार चालवणाऱ्या या माणसाने आपल्या किल्ल्याचे नाव ठेवले होते ग्रेहॉक.

याच खेळाचे नियम जानेवारी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने प्रसिद्ध झाले. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. आज 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेतील तळघरात बसलेली मुले किंवा २०२३ साली आलेला 'बाल्डर्स गेट ३' हा संगणकीय खेळ यांमुळे ते नाव भारतीय शहरांतील तरुणांच्याही परिचयाचे झाले आहे. मुंबई-पुण्याच्या बोर्ड गेम कॅफेंमध्ये वीस बाजूंचा फासा आता कुणाला नवलाचा वाटत नाही.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एखादी योद्ध्याची, चोराची वा जादूगाराची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होतो. मूळ खेळात त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. पण आपल्या नाट्यपरंपरेतला शब्द त्याला अधिक शोभतो. राक्षस, राजे, सराईवाले, भिकारी या सर्वांच्या वतीने बोलणे आणि पाऊस कधी पडावा हे ठरवणे त्याच्या हाती असते. हारजीत नसते आणि खेळ एका बैठकीत संपतही नाही. महिनोन् महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे चालतो. साहजिकच त्याला पटापेक्षा एखाद्या प्रदेशाची अधिक गरज भासते. गेल्या पन्नास वर्षांत असे शेकडो कल्पित प्रदेश छापून विकले गेले. त्यातले बहुसंख्य विस्मरणात गेले आणि थोडे मात्र खेळाडूंच्या तीन पिढ्यांच्या जिव्हाळ्याचे ठरले. हे का घडले, हे पाहताना त्या जागांच्या मालकीचा प्रश्नही वारंवार समोर येतो.

भुयारच का?

ग्रेहॉकच्या आधीचे भुयार मिनेसोटातले. डेव्ह आर्नेसन हा तरुण सैनिकांच्या छोट्या बाहुल्या मांडून ऐतिहासिक लढाया खेळणाऱ्या मंडळींपैकी एक. एका शनिवार-रविवारी दूरदर्शनवर राक्षसपट पाहण्यात आणि कॉनन या रानटी वीराच्या कथा वाचण्यात त्याचा वेळ गेला. नेहमीच्या लढायांचा त्याला कंटाळा आला होता. पुढच्या खेपेस मित्र जमले, तेव्हा त्यांना टेबलावर प्लास्टिकचा एक किल्ला दिसला आणि सांगण्यात आले, की आज या किल्ल्याखालच्या भुयारांत उतरायचे आहे. हेच ब्लॅकमूर. १९७२ च्या अखेरीस आर्नेसनने लेक जिनिव्हाला जाऊन हा खेळ गायगॅक्सना प्रत्यक्ष खेळून दाखवला आणि त्यातूनच पुढचे सारे घडले. नंतर दोघांत श्रेयावरून व मानधनावरून वितुष्ट आले. आर्नेसनने १९७९ मध्ये कंपनीवर दावा लावला आणि तो १९८१ मध्ये तडजोडीने मिटला. आर्नेसनचे नाव आजही दुसऱ्या क्रमांकानेच घेतले जाते, हे न्यायाचे म्हणता येणार नाही.

दोघांनाही आधी भुयारच सुचले, यामागे व्यावहारिक कारण होते. उघड्या माळावर खेळाडू कुठल्याही दिशेला जाऊ शकतो. सूत्रधाराने उत्तरेचे गाव कष्टाने रचावे आणि मंडळींनी दक्षिणेकडे चालू लागावे, हा अनुभव प्रत्येक सूत्रधाराच्या वाट्याला येतो. भुयारात दोनच वाटा असतात आणि तीन दारे. त्यापलीकडे काय आहे, हे आधी लिहून ठेवता येते. खाली जावे तसा धोका वाढतो आणि धनही वाढते. म्हणून 'आणखी एक मजला उतरावे की परत फिरावे' हा जुगाराचा प्रश्न प्रत्येक जिन्याशी उभा राहतो.

पण भुयारातून वर आल्यावर जखमा भरण्यासाठी, लुटीतली रत्ने विकण्यासाठी, मशाली विकत घेण्यासाठी जवळपास वस्ती हवी. या गरजेचे सर्वात सुबक उत्तर म्हणजे १९८० च्या सुमारास आलेली 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' ही गायगॅक्सलिखित पुस्तिका. राज्याच्या सीमेवरची एक गढी आणि तिच्यापासून काही अंतरावर दरीतल्या गुहांत राहणाऱ्या शत्रुटोळ्या, एवढाच तिचा पसारा. नवशिक्यांच्या संचातच ती मिळत असल्याने असंख्य खेळाडूंचा पहिला प्रवास याच गढीतून सुरू झाला. तिच्यातली एक गोष्ट लक्षणीय आहे. गढीतल्या माणसांना नावेच दिलेली नाहीत. किल्लेदार, कारभारी, सराफ असे हुद्दे आहेत, त्यांच्या तिजोरीतल्या नाण्यांचा हिशेब आहे; नावे सूत्रधाराने ठेवायची. त्यामुळे हजारो घरांत ही एकच गढी हजारो निरनिराळ्या नावांनी नांदली.

ज्याचे राज्य त्यालाच बंदी

ग्रेहॉकचे विश्व सविस्तर छापले गेले ते १९८० मध्ये. त्याआधी खासगी खेळात गायगॅक्सनी उत्तर अमेरिकेच्या नकाशावरच आपली राज्ये कल्पिली होती आणि ग्रेहॉक शहर साधारण शिकागोच्या जागी होते. छापील आवृत्तीसाठी मात्र डार्लीन या चित्रकर्तीने षट्कोनी घरांचा भव्य रंगीत नकाशा रेखाटला. एक घर म्हणजे सुमारे ३० मैल. सोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक राज्याला थोडक्या ओळी मिळाल्या: राजा कोण, सैन्य किती, शेजाऱ्याशी वैर कशावरून. यापुढचे काही सांगितलेलेच नव्हते. नकाशा भिंतीवर लावावा, एखाद्या घरावर बोट ठेवावे आणि 'इथे काय असेल?' असे विचारावे, हाच त्याचा उपयोग. जाणकार आजही त्या नकाशाचे नाव आदराने घेतात.

ग्रेहॉकचे वेगळेपण आणखी एका गोष्टीत होते. त्यातले थोर जादूगार हे खरे तर गायगॅक्सच्या टेबलावरचे खेळाडू. मुलगा अर्नेस्ट याच्या नावातली इंग्रजी अक्षरे उलटसुलट करून 'टेन्सर' हा जादूगार जन्मला. जिम वॉर्ड या मित्राचे नाव मागून वाचले की 'ड्रॉमिज' होतो. 'मॉर्डेनकायनेन' हे स्वतः गायगॅक्सनी खेळलेले पात्र. 'टेन्सरची तरंगती तबकडी' हा मंत्र वापरणाऱ्या जगभरच्या मुलांना हे ठाऊक नसते, की लेक जिनिव्हातल्या एका मुलाचे नाव आपण घेत आहोत.

१९८५ मध्ये टीएसआर या कंपनीवरील नियंत्रणासाठी झालेल्या संघर्षात गायगॅक्स पराभूत झाले आणि पुढच्या वर्षी त्यांनी कंपनी सोडली. ग्रेहॉक मात्र कंपनीकडेच राहिले. १९८८ मध्ये कंपनीने 'कॅसल ग्रेहॉक' नावाचे पुस्तक काढले. ज्या मूळ भुयारांची खेळाडू चौदा वर्षे वाट पाहत होते, त्यांच्या जागी या पुस्तकात विनोदी विडंबनांचे मजले निघाले. गायगॅक्सकडे गॉर्ड या चोराच्या आपल्या कादंबऱ्यांचे हक्क उरले होते. त्याच वर्षीच्या शेवटच्या कादंबरीत त्यांनी ते सबंध जगच नष्ट करून टाकले. स्वतःच वसवलेले राज्य हातचे गेल्यावर लेखणीने ते जाळणारा लेखक क्वचितच आढळेल. अर्थात कंपनीच्या पुस्तकांतले ग्रेहॉक सुखरूप राहिले; कायद्याच्या दृष्टीने तेच खरे होते.

उतारवयात गायगॅक्सनी आपला मूळ किल्ला छापण्याचा पुन्हा प्रयत्न केला. ग्रेहॉक हे नाव वापरता येत नव्हते. म्हणून २००५ मध्ये आलेल्या पहिल्या खंडात किल्ल्याचे नाव 'झॅगिग' आणि शहराचे 'इग्जबर्ग' झाले. काम अपुरे असतानाच मार्च २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी आर्नेसनही गेले.

धुक्यातला किल्ला

खेळाडूंच्या आवडत्या जागांची कोणतीही यादी रेव्हनलॉफ्टवाचून पुरी होत नाही. ट्रेसी व लॉरा हिकमन या दांपत्याची ही निर्मिती. एका खेळात ट्रेसी यांना भुयाराच्या एका खोलीत अचानक एक रक्तपिपासू पिशाच भेटले. ते तिथे का होते, त्याला काय हवे होते, यांपैकी कशाचेही उत्तर नव्हते. खोली क्रमांक अमुक, पिशाच एक, इतकेच. ही गोष्ट त्यांना खटकली. दोघांनी मिळून एक सरदार रचला. त्याचे नाव स्ट्राड फॉन झारोविच. त्याला एक किल्ला दिला, एक जुने पाप दिले आणि एका स्त्रीविषयीचा न शमणारा ध्यास दिला. दरवर्षी हॅलोविनच्या रात्री ते मित्रांसह हा खेळ खेळत. १९८३ मध्ये तो पुस्तिकेच्या रूपाने आला.

रेव्हनलॉफ्ट भीतिदायक आहे म्हणून लोकप्रिय आहे, हे अर्धेच खरे. त्याची रचना फार हुशारीची आहे. बारोव्हिया या खोऱ्याला धुक्याने वेढले आहे आणि त्या धुक्यातून बाहेर पडता येत नाही. सूत्रधाराची उघड्या माळाची अडचण एका फटक्यात संपली आणि खेळाडूंना मात्र ती भिंत न वाटता शाप वाटला. दुसरे असे, की आरंभी एक भविष्यवेत्ती स्त्री पत्ते मांडते. ते खरोखर पिसलेले पत्ते असतात. पिशाचाविरुद्धची शस्त्रे किल्ल्यात कुठे दडली आहेत आणि अंतिम गाठ कुठे पडेल, हे त्या पत्त्यांवर ठरते. म्हणजे पुस्तक वाचून बसलेल्यालाही पुढे काय होईल ते कळत नाही. किल्ल्याचे नकाशेही वरून पाहिलेले नसून कोनातून, मजल्यावर मजला दिसेल असे काढलेले आहेत. कोणत्या जिन्याने कुठे उतरता येते ते त्यात नेमके समजते.

२०१६ मध्ये 'कर्स ऑफ स्ट्राड' या नावाने या साहसाचा विस्तार झाला आणि नव्या पिढीनेही ते उचलून धरले. त्यातली 'विस्तानी' ही भटकी जमात मात्र युरोपातील रोमा लोकांविषयीच्या जुन्या हेटाळणीवर आधारलेली असल्याची टीका झाली आणि २०२० मध्ये कंपनीने ते वर्णन सुधारण्याचे जाहीर केले. भविष्य सांगणारी, चोऱ्या करणारी, मद्यात बुडालेली भटकी माणसे हे चित्र जिवंत समाजाचे होते, याकडे तीस-पस्तीस वर्षे कुणी फारसे लक्ष दिले नव्हते.

गजबजलेले विश्व

कॅनडातील एड ग्रीनवूड हे पेशाने ग्रंथपाल. 'फॉरगॉटन रेल्म्स' या विश्वाच्या कथा त्यांनी शाळकरी वयातच, खेळाचा जन्म होण्यापूर्वीच लिहायला घेतल्या होत्या. १९७९ पासून 'ड्रॅगन' मासिकात ते या जगाविषयी लिहू लागले आणि त्यासाठी त्यांनी एक युक्ती योजली. ही माहिती एल्मिन्स्टर नावाच्या म्हाताऱ्या जादूगाराने आपल्याला सांगितली, असे ते लिहीत. म्हातारा चुकू शकतो, फुशारकी मारू शकतो, मुद्दाम लपवूही शकतो. त्यामुळे छापील मजकूर हा अंतिम शब्द ठरत नसे.

टीएसआरने हे विश्व विकत घेतले आणि जेफ ग्रब यांच्या संपादनसाहाय्याने १९८७ मध्ये त्याचा पहिला संच काढला. वॉटरडीप हे बंदराचे महानगर, उत्तरेची बर्फाळ खोरी, दऱ्याखोऱ्यांतली छोटी स्वायत्त गावे असा त्याचा विस्तीर्ण पसारा. त्या संचात सेंबिया नावाचा एक श्रीमंत व्यापारी प्रदेश हेतुपुरस्सर सूत्रधारांसाठी राखून ठेवला होता. तिथे काय घडावे ते त्यांनी ठरवायचे. ही जमीन फार काळ मोकळी राहिली नाही. आर. ए. साल्वातोरे यांच्या ड्रिझ्ट या कृष्णवर्णी एल्फ वीराच्या कादंबऱ्या १९८८ पासून तुफान खपू लागल्या, कादंबऱ्यांची रांग लागली आणि २००० साली सेंबियातही कादंबरीमाला येऊन पोहोचली.

यातून निर्माण झालेली अडचण चमत्कारिक होती. सूत्रधाराने 'वॉटरडीपचा अधिपती मारला गेला' असे म्हणावे आणि समोरच्या खेळाडूने 'छे, तो तर अमुक कादंबरीत जिवंत आहे' असे ऐकवावे. माहिती जितकी अधिक, तितका सूत्रधार दबलेला. कंपनीने यावर उपाय म्हणून २००८ मध्ये चौथ्या आवृत्तीच्या वेळी कथाकाळ सुमारे शंभर वर्षे पुढे नेला, एका जादुई प्रलयात अनेक प्रदेश उद्ध्वस्त केले, कित्येक देवांना संपवले. वाचक व खेळाडू संतापले. ज्या गावी आपण वर्षे घालवली ते एका फटकाऱ्यात पुसले गेले, ही त्यांची भावना होती. पुढे २०१३-१४ मध्ये दुसऱ्या एका कथानकाद्वारे बरेचसे पूर्ववत करण्यात आले. तरीही हे विश्व सर्वाधिक खेळले जाणाऱ्यांपैकी एक आहे. संगणकीय खेळांतून येणाऱ्या नव्या खेळाडूला बाल्डर्स गेट हे शहर आधीच ओळखीचे असते आणि ओळखीच्या गल्लीत पाऊल टाकण्याचा आनंदही काही कमी नसतो.

याच्या अगदी उलट टोकाला 'ड्रॅगनलान्स'. हिकमन दांपत्याने युटाहून विस्कॉन्सिनला नोकरीसाठी जाताना मोटारीत बसल्या बसल्या त्याची कल्पना रचली. १९८४ पासून ट्रेसी हिकमन व मार्गारेट वाइस यांच्या कादंबऱ्या आणि साहसपुस्तिका बरोबरीने येत राहिल्या. कथा भव्य होती. पण नायक ठरलेले, प्रसंग ठरलेले. खेळाडूंना दुसऱ्याची कादंबरी पाठ म्हणून दाखवल्यासारखे वाटे. वाचायला उत्तम आणि खेळायला अवघड, असेच त्याचे वर्णन करावे लागेल. २०२० मध्ये नव्या कादंबऱ्यांच्या करारावरून या दोघांनीही कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. दोनच महिन्यांत दावा मागे घेतला गेला आणि २०२२ मध्ये कादंबरी प्रसिद्ध झाली.

नव्वदच्या दशकातली दोन विश्वे ठराविक साच्याबाहेरची होती. 'डार्क सन' (१९९१) मधील अथास हा करपलेला ग्रह आहे. लोखंड दुर्मीळ, पाणी त्याहून दुर्मीळ. जादू केली की आसपासची झाडेझुडपे जळून राख होतात. याच हव्यासातून सगळी भूमी वैराण झाली आहे. ब्रॉम या चित्रकाराने त्याला दिलेले रापलेले, हाडांच्या शस्त्रांचे रूप विसरता येत नाही. गुलामगिरी हा त्या जगाचा पायाच असल्याने २०१४ च्या पाचव्या आवृत्तीनंतरच्या दशकात कंपनीने त्याचे स्वतंत्र पुस्तक काढले नाही. 'प्लेनस्केप' (१९९४) मधले सिजिल हे शहर एका प्रचंड कड्याच्या आतल्या बाजूला वसलेले आहे. मान वर केली की आकाशाऐवजी समोरच्या वस्तीची छपरे दिसतात. तिथे तलवारीपेक्षा मतामतांचे भांडण अधिक चालते. त्याच्या आधारावर १९९९ मध्ये निघालेला 'टॉर्मेंट' हा संगणकीय खेळ मूळ पुस्तकांपेक्षाही अधिक नावाजला गेला.

प्राध्यापकांचे जग

या सर्वांहून जुने आणि सर्वांत अनवट जग म्हणजे टेकुमेल. त्याचा निर्माता एम. ए. आर. बार्कर हा भाषाशास्त्रज्ञ. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर तो १९५०च्या दशकाच्या आरंभी भारतात आला, इस्लाम स्वीकारून त्याने मुहंमद अब्द-अल-रहमान हे नाव घेतले आणि पुढे मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई अभ्यासाचे अध्यापन केले. उर्दू शिकवण्यासाठीची त्याची पुस्तके प्रसिद्ध आहेत. बालपणापासून मनात वाढवलेले त्याचे जग १९७५ मध्ये 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' या नावाने छापले गेले. त्यात युरोपीय सरदार व किल्ले जवळजवळ नाहीत. भारत, इजिप्त, माया संस्कृती यांच्या धाटणीचे साम्राज्य, घराण्यांची प्रतिष्ठा, मंदिरांची सत्ता आणि बार्करने स्वतः रचलेली त्सोल्यानी ही भाषा, तिच्या लिपी-व्याकरणासह. विद्वान वाचक भारावून जात. सामान्य खेळाडू मात्र उच्चारांशीच अडखळे.

बार्करचे निधन २०१२ मध्ये झाले. दहा वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये त्याच्या जगाचा वारसा सांभाळणाऱ्या टेकुमेल प्रतिष्ठाननेच जाहीर कबुली दिली, की १९९१ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झालेली एक नाझीवादी कादंबरी त्याने लिहिली होती आणि ज्यूंचा वंशसंहार नाकारणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळातही तो होता. पाश्चात्त्य चौकटीबाहेरचे जग पहिल्यांदा उभे करणाऱ्या माणसाविषयी हे उघड व्हावे, हा चाहत्यांना मोठाच धक्का होता. अनेकांनी ती पुस्तके बाजूला ठेवली. काहींनी वर्षानुवर्षे आपल्या टेबलावर घडवलेले टेकुमेल आपलेच आहे, असे म्हणून खेळ चालू ठेवला. दोन्ही निर्णय समजण्याजोगे आहेत.

ग्रेग स्टॅफर्ड यांचे ग्लोरँथा हेही असेच एका माणसाच्या ध्यासातून उभे राहिले. १९६६ मध्ये विद्यार्थिदशेत त्यांनी ते लिहायला घेतले आणि १९७८ च्या 'रूनक्वेस्ट' या खेळातून ते टेबलावर आले. पृथ्वी तिथे सपाट आहे आणि पुराणकथा शब्दशः खऱ्या आहेत. भक्त विधी करता करता देवांच्या काळात पाऊल ठेवतो व तिथून काही घेऊन परततो. माहितीचे डोंगर असूनही हे जग खेळाडूला दडपून टाकत नाही. याचे कारण चाहत्यांनी व प्रकाशकांनी मिळून जपलेला एक संकेत: तुमचे ग्लोरँथा आमच्यापेक्षा वेगळे असणारच. स्टॅफर्ड २०१८ मध्ये निवर्तले.

वाघाच्या तोंडाचा राक्षस

या खेळांना भारत अपरिचित होता असे नाही. पण तो आला तो सांगोवांगीने. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये १९७५ पासून राक्षस आहे. त्याचे तोंड वाघाचे, पंजे उलटे, अंगात रेशमी झगा व हाती चिलीम. मंत्रवलेला क्रॉसबोचा बाण लागला की तो मरतो. रामायणात वा कुठल्याही पुराणात हा बाण शोधून सापडायचा नाही, कारण तो १९७४ च्या 'कोलचॅक' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतील एका भागातून आला आहे. १९७६ आणि १९८० च्या पुस्तकांत तर इंद्र, वरुण, यम यांना अंकांत बसवून त्यांच्या प्राणबिंदूंची नोंद केली आहे, म्हणजे पुरेसे बलवान खेळाडू इंद्राशी दोन हात करू शकत. ग्रीक व नॉर्स देवांनाही हीच वागणूक मिळाली होती, हे खरे. तथापि इंद्र, वरुण, यम हे अद्याप पूजल्या जाणाऱ्या परंपरेतले आहेत, एवढा फरक त्या संपादकांच्या ध्यानी आला नसावा.

आशियाई भूमींचे स्वतंत्र संच १९८५ नंतर आले, तेही प्रामुख्याने चीन-जपान व अरबी सुरस कथांच्या छटेचे आणि बाहेरून पाहणाऱ्यांनी लिहिलेले. चित्र पालटण्याचा ठळक प्रयत्न २०२२ मध्ये झाला. 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या संग्रहातील साहसे आपापल्या संस्कृतीतून स्फूर्ती घेतलेल्या कृष्णवर्णी व अन्य गौरेतर लेखकांनी लिहिली. त्यात कोलकात्याच्या दलित लेखिका मिमी मंडल यांचे 'इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा' हे साहस आहे. त्यांची शंखभूमी बंगालच्या नद्यांवर वसलेली आहे. पूर, होड्या, नदीकाठची नगरे हेच तिथले जीवन. सह्याद्रीतले गडकोट, त्यांच्या चोरवाटा व पाण्याची टाकी पाहिलेल्या मराठी माणसाला प्रश्न पडावा, की भुयारी साहसासाठी इतकी तयार भूमी असताना अशा पुस्तकांत ती कशी नाही?

अनुत्तरित ठेवलेला प्रश्न

टीएसआर १९९७ मध्ये डबघाईला येऊन विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेली आणि १९९९ मध्ये ती कंपनी हॅस्ब्रो या खेळणी-उद्योगाच्या ताब्यात आली. २००२ मध्ये विझार्ड्सने नव्या विश्वासाठी खुली स्पर्धा जाहीर केली. पहिल्या फेरीला प्रत्येकाने एकच पान पाठवायचे होते. अकरा हजारांवर प्रस्ताव आले. कीथ बेकर यांचे 'एबेरॉन' निवडले गेले आणि २००४ मध्ये प्रकाशित झाले. जादूच्या बळावर धावणाऱ्या आगगाड्या, हवेत तरंगणारी जहाजे, व्यापारी घराण्यांचे जाळे आणि शंभर वर्षांच्या महायुद्धानंतर दमलेले देश. त्या युद्धाच्या शेवटी साइअर हे राज्य एका दिवसात नष्ट झाले. का, ते कुणालाच माहीत नाही, आणि अधिकृत पुस्तकांतून ते कधीच सांगायचे नाही, असे बेकर व प्रकाशकांचे ठरलेले धोरण आहे. प्रत्येक सूत्रधाराने उत्तर स्वतः शोधायचे. सेंबियाची मोकळी जमीन कादंबऱ्यांनी व्यापली. साइअरचे रहस्य मात्र टिकून आहे. एबेरॉनवर खेळाडूंचा लोभ जडण्याचे ते एक मोठे कारण.

मालकीचा प्रश्न जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा पेटला. २००० सालापासून इतर प्रकाशकांना या खेळाचे नियम वापरून स्वतःची पुस्तके काढण्याची मुभा देणारा एक खुला परवाना होता. तो बदलून उत्पन्नात वाटा मागणारा मसुदा बाहेर फुटला. छोट्या प्रकाशकांचा संसार त्या परवान्यावर चालत असल्याने खेळाडूंनी कंपनीच्या सदस्यत्वावर बहिष्काराची मोहीम उघडली. महिनाअखेरीस कंपनी नमली आणि तिने नियमांचा मूलभूत मसुदा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली कायमचा खुला केला. तो उघडून पाहिल्यास 'तरंगती तबकडी' हा मंत्र सापडतो. 'टेन्सर' हे नाव मात्र नाही. तबकडी सर्वांची झाली, अर्नीचे नाव कंपनीचेच राहिले.

२०२४ मध्ये खेळाची पन्नाशी झाली. त्या वर्षी निघालेल्या नव्या सूत्रधार-मार्गदर्शकात, आपले जग कसे उभारावे हे शिकवण्यासाठी नमुना म्हणून एक विश्व दिले आहे. निवडले आहे ते ग्रेहॉक, बरोबर मोठा घडीचा नकाशा आणि प्रत्येक प्रदेशाविषयी पुन्हा थोडक्याच ओळी. बाकीचे वाचणाऱ्याने भरायचे आहे.